अमाइड आणि धातू: एम.एस्सी.च्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौदा वर्षं औषधकंपन्यांच्या प्रोसेस विभागात काढून मी सांगलीला परतले, त्याला आता नऊ वर्षं झाली. एम.एस्सी. सेंद्रिय रसायनाच्या वर्गाला शिकवते. प्रोजेक्टचे विषय वाटून झाले की दर पावसाळ्यात तेच प्रश्न फिरून येतात: जिन्यात, व्हॉट्सॲपवर, एकदा तर आयर्विन पुलावर कृष्णेचं चढलेलं पाणी बघत उभी होते तिथंसुद्धा. म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न मुलांच्याच शब्दांत ठेवलेत. मराठी पुस्तकात ‘उत्प्रेरक’ असतं, लॅबमध्ये आपण सगळे कॅटॅलिस्टच म्हणतो; इथंही तसंच.

मॅडम, अमाइडचं एवढं काय कौतुक?

भडंग खाताना जिभेला जो चटका बसतो तो अमाइडचा. मिरचीतलं कॅप्सायसिन अमाइड आहे, मिऱ्यातलं पायपरिन अमाइड आहे. पॅरासिटामॉल, पेनिसिलिन, दाताच्या डॉक्टरचं लिडोकेन, नायलॉनची दोरी, अंड्यातलं प्रोटीन, सगळीकडे तोच कार्बोनिलला (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनला) चिकटलेला नायट्रोजन. हळदीतलं कर्क्युमिन मात्र अमाइड नाही. हळदीच्या पेठेत वाढलेली पोरं हे हमखास चुकतात, कारण ‘आपली हळद’ म्हटलं की तिच्यात सगळंच असणार असं त्यांना वाटतं.

ॲसिड आणि अमाइन एकत्र केलं की अमाइड व्हायलाच पाहिजे ना? मधे धातू कशाला?

व्हायला पाहिजे, पण होत नाही. ॲसिड आपला प्रोटॉन अमाइनला देऊन टाकतं आणि तुमच्या हातात मीठ येतं. अमाइनची इलेक्ट्रॉनची जोडी त्या प्रोटॉनमध्ये अडकली, आता हल्ला कोण करणार? ते मीठ १६०-१८० अंशांच्या पुढं तापवलं की पाणी निघून अमाइड होतं. नायलॉन असाच करतात, पण औषधाचा नाजूक रेणू त्या तापमानात कोळसा होतो.

म्हणून कपलिंग एजंट आले, म्हणजे ॲसिडला जागं करून अमाइनशी जोडणारी रसायनं. डीसीसी १९५५ पासून वापरात आहे, नंतर ईडीसी, एचएटीयू वगैरे. काम उत्तम करतात, हिशेब मात्र वाईट. बेंझॉइक ॲसिड आणि बेंझिलअमाइन घ्या. तयार होणाऱ्या अमाइडचा रेणुभार २११. डीसीसी वापरलं तर त्याच्या जोडीला २२४ रेणुभाराचं डायसायक्लोहेक्झिलयुरिया पडतं. म्हणजे मालापेक्षा कचरा जास्त! एचएटीयूचा स्वतःचाच रेणुभार ३८० आहे. खरं तर निघायला हवं होतं फक्त १८ ग्रॅम पाणी.

मिलिग्रॅमवर हे कुणाला खुपत नाही. मी मात्र डीसीसीचा युरिया किलोकिलोनं गाळत बसलेय. आज गाळला, बाटली फ्रिजमध्ये ठेवली, उद्या परत खाली पांढरी साय. २००७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या हरित रसायन संस्थेबरोबर बसून मोठ्या औषधकंपन्यांनी नको असलेल्या रिॲक्शनची यादी केली, तेव्हा अशा उधळ्या एजंटांशिवाय अमाइड करता आलं पाहिजे, ही मागणी अगदी वर होती. त्या यादीनंतर धातूंच्या कॅटॅलिसिसवर शोधनिबंधांचा पाऊस पडला. तुमच्या गाइडनं तुम्हाला हा विषय दिला त्यामागं तेच आहे.

मग सगळ्यात चांगली पद्धत कुठली?

हा प्रश्नच उलटा आहे. आधी बाटलीत काय आहे ते बघा. ॲसिड आहे? ॲरिल आयोडाइड (बेंझीनसारख्या कड्यावर आयोडीन) आहे? अल्कोहोल, अल्डिहाइड, नायट्राइल? धातू प्रत्येक दारातून वेगळ्या पद्धतीनं आत नेतो. आणि साधं ॲसिड क्लोराइड किंवा अनहायड्राइड वापरून काम होत असेल तर धातूच्या वाटेला जाऊच नका. पॅरासिटामॉल पॅरा-अमिनोफिनॉल आणि ॲसिटिक अनहायड्राइडपासून होतं. तिथं पॅलेडियम घालायला गेलात तर अकाउंटंट तुम्हाला दारात उभं करणार नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा, कारण व्हायव्हात इथंच विकेट पडते. काही पद्धती कार्बोनिल आणि नायट्रोजन यांच्यातला बंध नव्यानं बांधतात. काही पद्धतींत अमाइड आधीच तयार असतं, आणि धातू फक्त त्याच्या नायट्रोजनवर ॲरिल गट बसवतो. दोन्हींना पेपरांमध्ये ‘अमिडेशन’ म्हणतात. पण तुटणारे आणि जुळणारे बंध पूर्ण वेगळे आहेत.

गोल्डबर्ग रिॲक्शन म्हणजे काय? जुनीच तर आहे ना?

जुनी आहे, १९०६ची. इर्मा गोल्डबर्ग यांनी दाखवून दिलं की थोड्याशा तांब्याच्या जोरावर ॲरिल हॅलाइड (कड्यावर क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असलेला रेणू) आणि अमाइड जोडता येतात. एकट्या स्त्रीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रिॲक्शन बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यातली ही एक. पुढं त्यांनी फ्रिट्झ उलमान यांच्याशी लग्न केलं, आणि तांबं म्हटलं की मुलांना उलमानच आठवतात. गोल्डबर्गबाईंचं नाव माझ्या वर्गात तरी कुणी विसरायचं नाही.

जुन्या पद्धतीत तापमान भरमसाट लागायचं, आणि चालेल की नाही हे नशिबावर. २००१ साली एमआयटीत बुकवॉल्ड यांच्या गटानं त्यात साधा डायअमाइन लिगँड (धातूला धरून राहणारा रेणू) घातला आणि चित्र पालटलं. आमच्याकडे चालणारी रीत अशी: कॉपर आयोडाइड ५ मोल टक्के (हॅलाइडच्या शंभर रेणूंमागं पाच), डायमिथाइलइथिलीनडायअमाइन १० मोल टक्के, पोटॅशियम फॉस्फेट दोन पट, टोलुइन, ११० अंश, रात्रभर. दोन मिलिमोल ॲरिल आयोडाइडसाठी कॉपर आयोडाइड लागतं फक्त १९ मिलिग्रॅम. ते इतकं थोडं दिसतं की दरवर्षी कुणीतरी ‘जरा जास्तच घातलं मॅडम’ म्हणत येतं. घालू नका. वर्कअपला, म्हणजे शेवटी माल वेगळा काढताना, तुमचाच जीव जातो.

लिगँड करतो काय? तांब्याला अमाइड फार आवडतं. मोकळं सोडलं तर एकाच तांब्याला दोन-दोन अमाइड बिलगतात आणि ते तांबं थंड पडतं, हॅलाइडकडे बघतसुद्धा नाही. डायअमाइन तांब्याचा एक हात धरून ठेवतो, त्यामुळे एकच अमाइड बसतं. आधी तांब्यावर अमाइड, मग ॲरिल आयोडाइडचा बंध तुटून तांबं वरच्या ऑक्सिडेशन अवस्थेत जातं, मग ॲरिल आणि नायट्रोजन एकत्र बाहेर पडतात. हा क्रम पॅलेडियमच्या उलटा आहे: तिथं आधी हॅलाइड बसतो. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

आयोडाइड छान चालतात, ब्रोमाइड बरे चालतात, क्लोराइडच्या नादी लागू नका. दोन-पायरोलिडिनोनसारखा लॅक्टम (कड्यातलं अमाइड) घेऊन सुरुवात करा. पहिल्यांदा करणाऱ्यांना त्याच्यासारखा समजूतदार नायट्रोजन दुसरा नाही.

माझी तांब्याची रिॲक्शन चालतच नाहीये. सगळं पेपरात दिलंय तसंच केलं.

‘सगळं’ नसतं केलेलं. मी जे दरवर्षी बघते ते सांगते.

पोटॅशियम फॉस्फेट. पेपर लिहिणाऱ्याची लॅब वातानुकूलित होती, तुमची सांगलीत आहे आणि महिना जुलै आहे. बाटलीचं झाकण सैल राहिलं की दोन दिवसांत पावडरीचा गोळा होतो. तो गोळा फोडून घातला तर बेसचं वजनही चुकतं आणि पाणीही जातं. शिवाय हा बेस टोलुइनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे खडे राहिले तर रिॲक्शन खड्याच्या पृष्ठभागापुरतीच. खलात बारीक करा, ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, मग तोला.

कॉपर आयोडाइड. चांगलं असेल तर पांढरट दिसतं. चॉकलेटी दिसलं तर त्यात आयोडीन सुटलेलं आहे. पोटॅशियम आयोडाइडच्या गरम संपृक्त द्रावणात विरघळवून पाणी घातलं की शुद्ध पांढरं खाली बसतं. एक दुपार जाते, पण पुढचे सहा महिने डोकेदुखी वाचते.

हवा. फ्लास्क हिरवा-निळा दिसायला लागला की समजायचं, ऑक्सिजन आत गेलाय आणि तांबं दोनच्या ऑक्सिडेशन अवस्थेत गेलंय. घन पदार्थ आधी घाला, व्हॅक्यूम लावा, आर्गॉन भरा, असं तीन वेळा. मग सेप्टममधून (रबरी बुचातून) हॅलाइड, लिगँड, सॉल्व्हंट. आर्गॉनचा सिलिंडर कॉलेजला परवडत नाही म्हणून रडू नका. कुपवाडच्या एमआयडीसीत टिग वेल्डिंगवाल्यांना तो रोज लागतो, त्यांचा पुरवठादार तुम्हालाही देईल. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही तसाच आणला होता, आणि रिक्षावाल्यानं ‘ह्यात गॅस हाय व्हय?’ म्हणून मला मागं बसायला लावलं, सिलिंडर पुढं.

आणि वीज. रात्री रिफ्लक्स लावून (फ्लास्क कंडेन्सरखाली उकळत ठेवून) घरी जाता, पहाटे लाईट जाते, ढवळणं थांबतं, लाईट आल्यावर हॉटप्लेट तापते पण स्टरर अडकलेलाच राहतो. सकाळी टीएलसीवर (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणाऱ्या पट्टीवर) निम्मा माल. यात कॅटॅलिस्टचा काय दोष?

तांब्याऐवजी पॅलेडियम का नाही?

ॲरिल क्लोराइड असेल, किंवा रेणू ११० अंशांत टिकणारा नसेल, तर पॅलेडियम. त्याला साजेसा लिगँड लागतो. बाकी वेळी तांबं. किमतीचा फरक इतका आहे की तुलना करायलाही लाज वाटावी.

ॲरिल आयोडाइडपासून थेट अमाइड होतं म्हणे, कार्बन मोनॉक्साइड वापरून. आपण करू या का?

कॉलेजात नाही. रिॲक्शन मात्र इतकी देखणी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७४ साली रिचर्ड हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ती दाखवली. हेच ते हेक, ज्यांना २०१०चं नोबेल नेगिशी आणि सुझुकी यांच्याबरोबर मिळालं, पण ते वेगळ्या कामाला. शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतलं पॅलेडियम ॲरिल हॅलाइडच्या बंधात शिरतं. मग कार्बन मोनॉक्साइड येऊन धातूवर बसतं, आणि ॲरिल गट धातूवरून उडी मारून त्या कार्बनवर जातो. आता धातूला चिकटलेला ॲसिल गट तयार. म्हणजे जणू ॲसिड क्लोराइडच, पण धातूच्या ताब्यातलं. अमाइन येतं, हल्ला करतं, अमाइड सुटतं, बेस हॅलोजन ॲसिड उचलतो, पॅलेडियम पुन्हा मोकळं. कार्बोनिलचा कार्बन बाहेरून आणून मधे बसवला. ॲसिड करायची, मग ते जागं करायची गरजच उरली नाही.

कारखान्यात याची ताकद बघायची तर लाझाबेमाइडचं उदाहरण आहे. रोश कंपनीला हा रेणू करायला आधी आठ पायऱ्या लागायच्या. २,५-डायक्लोरोपायरिडिन, इथिलीनडायअमाइन, कार्बन मोनॉक्साइड आणि पॅलेडियम, एवढ्यावर तो एका पायरीत आला. आठच्या जागी एक! दोन क्लोरीनपैकी पायरिडिनच्या नायट्रोजनशेजारचा तेवढा हलतो, हेही त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रोसेसमध्ये असताना असं काही माझ्या हातून घडावं अशी फार इच्छा होती. घडलं नाही.

कॉलेजात का नाही? तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरतो. थंडीत दार लावून शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच. बलूनमध्ये भरून वापरल्याची वर्णनं पेपरांत सापडतील. ज्या लॅबमध्ये डिटेक्टर नाही आणि फ्युमहूडचा पंखा अधूनमधून रुसतो, तिथं मी तो बलून येऊ देणार नाही. मॉलिब्डेनम हेक्झाकार्बोनिलसारख्या घन पदार्थातून हा वायू फ्लास्कमध्येच सोडता येतो. डेन्मार्कच्या स्क्रुडस्ट्रुप यांच्या गटानं तर दोन कप्प्यांची बंद काचेची भांडी केली: एका कप्प्यात वायू तयार होतो, दुसऱ्यात वापरला जातो. कल्पना अप्रतिम. पण ‘घन आहे म्हणजे सुरक्षित आहे’ असं समजू नका, शेवटी आत वायू तोच आहे.

अल्कोहोलपासून अमाइड? ऑक्सिडायझिंग एजंट न वापरता?

होय, आणि बाहेर पडतो फक्त हायड्रोजन. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली या विषयातली सर्वात सुंदर रिॲक्शन हीच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड मिल्स्टिन यांच्या गटानं २००७मध्ये ती प्रसिद्ध केली. रुथेनियमचा कॅटॅलिस्ट फक्त ०.१ मोल टक्का, टोलुइनमध्ये रिफ्लक्स. बेंझिल अल्कोहोल १०८, बेंझिलअमाइन १०७, बेरीज २१५. अमाइड २११. उरलेले ४? हायड्रोजनचे दोन रेणू. डीसीसीच्या हिशेबाशेजारी हा हिशेब ठेवून बघा.

त्यांचा लिगँड सोनाराच्या चिमट्यासारखा तीन ठिकाणी धातूला धरतो, म्हणून त्याला पिन्सर म्हणतात. गंमत अशी की तो नुसता धरून बसत नाही, कामही करतो. त्यातल्या पायरिडिनच्या कड्याची ॲरोमॅटिकता जाते आणि परत येते, आणि त्या ये-जा करण्यात तो अल्कोहोलचा प्रोटॉन घेतो, हायड्रोजन सोडतो. धातू एकटा राबत नाही, लिगँडही खांदा देतो.

क्रम असा: अल्कोहोलमधून हायड्रोजन निघून अल्डिहाइड, त्यावर अमाइन बसून हेमिअमिनल, हेमिअमिनलमधून पुन्हा हायड्रोजन निघून अमाइड. सगळा खेळ त्या हेमिअमिनलपाशी आहे. तिथून हायड्रोजन निघाला तर अमाइड, पाणी निघालं तर इमिन. इमिननं आधी सुटलेला हायड्रोजन परत घेतला की हातात दुसरंच अमाइन येतं. एकाच तिठ्यावरून दोन गावं. कुठला कॅटॅलिस्ट कुठल्या गावाला नेतो, यावर अजूनही पेपर निघतात. परीक्षेत हा तिठा काढून दाखवलात तर माझ्याकडून पूर्ण गुण.

प्राथमिक अमाइनवर ही रिॲक्शन चालते, दुय्यमवर त्या कॅटॅलिस्टनं जवळपास चालत नाही. हा दोष वाटतो, पण एकाच रेणूत दोन्ही प्रकारचे नायट्रोजन असतील तर हाच गुण ठरतो: संरक्षक गट न लावता फक्त टोकाचे नायट्रोजन पकडता येतात.

प्रत्यक्ष करायची वेळ आलीच तर भांडं बंद करू नका. पाच मिलिमोलवर सुमारे २४५ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. त्याला बाहेर जायला बबलर हवा. नाहीतर सेप्टम छताला, आणि रिॲक्शनही अडते, कारण हायड्रोजन आतच राहिला तर गाडी उलटी फिरते.

आपल्या साखर कारखान्यांच्या इथेनॉलपासून असं अमाइड करता येईल का?

हा प्रश्न दरवर्षी एखाद्या ऊसवाल्या घरचा मुलगा विचारतोच, आणि मला तो आवडतो. रसायनाच्या दृष्टीनं येईल: इथेनॉल आणि अमाइनपासून ॲसिटामाइड. पण इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि टोलुइन १११ला, म्हणजे अर्धा माल कंडेन्सरमध्येच लोंबकळणार. शिवाय ॲसिटाइल गट लावायला ॲसिटिक अनहायड्राइड आहे, स्वस्त, दहा मिनिटांत काम करणारं. रुथेनियम त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. जिथं ॲसिड किंवा अनहायड्राइड महाग आहे आणि अल्कोहोल स्वस्त आहे, तिथं ही पद्धत शोभते.

ॲसिड आणि अमाइन थेट, पण कॅटॅलिस्ट घालून, असं काही नाही का?

आहे. झर्कोनियम. २०१२ साली स्टॉकहोममध्ये ॲडॉल्फसन यांच्या गटानं झर्कोनियम क्लोराइड, टीएचएफ, ७० अंश आणि ४ अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) वापरून ॲसिड-अमाइन जोडून दाखवले. त्याच वर्षी ब्रिटनमधून विल्यम्स यांच्या गटानं टोलुइनमधली पद्धत दिली. टायटॅनियमही चालतो. हे धातू ऑक्सिजनला चिकटणारे, कार्बोनिलला धरून त्याला जरा कमजोर करणारे. कचरा काय? पाणी.

बोरॉन धातू नाही, पण त्याला वगळून पुढं जाता येत नाही. बोरिक ॲसिडही हे काम करतं. कॅरमवर टाकता ती पावडर, तेच. यामामोटो यांनी १९९६मध्ये फ्लोरिन लावलेलं ॲरिलबोरॉनिक ॲसिड वापरून ही वाट मोकळी केली. प्रोजेक्टला पैसे नसतील तर कॅटॅलिटिक अमाइड शिकायला बोरिक ॲसिड, टोलुइन आणि डीन-स्टार्क (निघालेलं पाणी बाजूला काढणारं काचेचं उपकरण) एवढं पुरतं.

पण इथं मी एक अट घालते: ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्ट न घालता तीच रिॲक्शन, लावल्याशिवाय माझ्याकडे यील्ड (माल किती टक्के मिळाला ते) घेऊन यायचं नाही. साध्या ॲलिफॅटिक ॲसिडची आणि चपळ अमाइनची जोडी टोलुइनमध्ये, पाणी काढत राहिलं तर, कॅटॅलिस्ट नसतानाही बऱ्यापैकी अमाइड देते. मागं एका मुलीनं नवा कॅटॅलिस्ट सापडला म्हणून पेढे आणले होते. ब्लँकचा यील्ड तिच्या कॅटॅलिस्टपेक्षा तीन टक्क्यांनीच कमी निघाला. पेढे आम्ही खाल्ले, विषय बदलला.

नायट्राइलला पाणी लावलं की अमाइडच होतं ना?

होतं, पण तिथं थांबत नाही. जोरदार ॲसिड किंवा बेस वापरला की पुढं कार्बॉक्सिलिक ॲसिडपर्यंत जातं. धातूचं काम इथं थांबवण्याचं आहे. नायट्राइल धातूवर बसतं, पाणी शेजारून येतं, प्राथमिक अमाइड सुटतं. पार्किन्स यांचा प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट यासाठी प्रसिद्ध आहे, १९९५चा.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण ॲक्रिलामाइडचं. आधी तांब्यावर करायचे. १९८५पासून जपानमध्ये जिवाणूंकडून करून घेऊ लागले. त्या जिवाणूच्या एन्झाइमच्या गाभ्यातही धातूच असतो, लोह किंवा कोबाल्ट. म्हणजे धातू गेला नाही, त्याला घर मिळालं. याच वाटेची एक आडवाट अल्डिहाइडवरून आहे: त्याचा ऑक्झाइम करा, धातूखाली तापवा, आत पाणी निघून नायट्राइल होतं आणि परत पाणी लागून अमाइड. आमच्या लॅबला झेपणारं आहे.

अल्डिहाइड आणि अमाइन थेट?

तांबं, चांदीचं आयोडेट आणि टर्ट-ब्यूटाइल हायड्रोपेरॉक्साइड वापरून होतं, २००६ची पद्धत. अमाइन हायड्रोक्लोराइड म्हणून घालतात, नाहीतर पेरॉक्साइड अमाइनलाच खातं. पेरॉक्साइड असलेला फ्लास्क रोटाव्हेपरवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) कोरडा करत नेणाऱ्याला मी लॅबबाहेर काढते. आधी सोडियम सल्फाइटनं मारा, स्टार्च-आयोडाइड कागदावर तपासा, मग पुढं.

पेप्टाइड यातल्या कुठल्या पद्धतीनं करू?

कुठल्याच नाही. अमिनो ॲसिडचा कायरल कार्बन उष्णता आणि बेस यांना घाबरतो. मेरिफिल्ड यांनी १९६३मध्ये रेझिनवरची पद्धत दिली, तिला आणि कपलिंग एजंटांना तिथं अजून पर्याय नाही. मी वर कपलिंग एजंटांना नावं ठेवली, पण पेप्टाइडच्या दारात त्यांना नमस्कार करते.

युरिया अमाइडच ना? मग त्यात धातू कुठाय?

युरिया म्हणजे कार्बॉनिक ॲसिडचं दुहेरी अमाइड. वोलर यांनी १८२८मध्ये केलं ते हेच. कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली, १७०-२०० अंशांत, कॅटॅलिस्टशिवाय. धातू एक पायरी आधी आहे: तो अमोनिया लोखंडावर तयार झालेला असतो.

आणि एक पायरी नंतरही आहे. वाळव्यात किंवा पलूसला उसाला टाकलेल्या ४६ टक्के नायट्रोजनच्या त्या पांढऱ्या दाण्यांचा अमोनिया मातीतलं युरिएज करतं. जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांतून समनर यांनी १९२६मध्ये या एन्झाइमचे स्फटिक काढले. त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ उजाडलं. अमाइडचा बंध हट्टी आहे, नायट्रोजनची जोडी कार्बोनिलमध्ये पसरून तो घट्ट बसलेला असतो. तो फोडायला निसर्गानं निकेल वापरलं, आणि २०१५मध्ये नील गार्ग यांच्या गटानं कॅलिफोर्नियात अमाइडपासून एस्टर करायला वापरलं तेही निकेलच. दोन्हींची यंत्रणा अगदी वेगळी आहे, तरी मला हा योगायोग फार आवडतो.

एनएमआरमध्ये सगळे पीक दोन-दोन दिसतायत. माल अशुद्ध आहे का?

तृतीयक अमाइड आहे का? मग बहुधा शुद्ध आहे. त्या कार्बन-नायट्रोजन बंधाला अर्धवट दुहेरी बंधाचा गुण असतो, तो पटकन फिरत नाही, म्हणून दोन ठेवणी वेगवेगळ्या दिसतात. तुमच्या बाटलीतलं डीएमएफच बघा: दोन मिथाइल गट, एकाच नायट्रोजनवर, तरी २.९च्या आसपास दोन वेगळे पीक. डीएमएसओमध्ये घेऊन तापमान वाढवून नोंद करायला सांगा. पीक एकमेकांकडे सरकले की रोटॅमर, म्हणजे एकाच रेणूच्या त्या दोन ठेवणी. पुन्हा कॉलम (सिलिकाच्या नळीतून शुद्धीकरण) करू नका. हे माहीत नसल्यानं मी स्वतः एकदा एक माल तीन वेळा कॉलम केला होता, आणि तीन वेळा तेवढाच ‘अशुद्ध’ मिळाला.

धातू मालात उरला तर?

औषधात उरलेल्या धातूंसाठी आयसीएचचा (औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) क्यू३डी हा नियम आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, तांबं ३००० मायक्रोग्रॅमपर्यंत. दिवसाचा डोस एक ग्रॅम असेल तर पॅलेडियमची मर्यादा झाली १०० पीपीएम. ऐकायला भरपूर वाटतं, पण अमाइडला धातू धरून ठेवायची खोड आहे, सहज सुटत नाही. कोळसा, थायॉल लावलेली सिलिका, एन-ॲसिटाइलसिस्टीनच्या पाण्यानं धुणं, असे उपाय चालतात. कपलिंग एजंटाचा कचरा वाचवला म्हणून धातूच्या पद्धतीला हरित म्हणायचं, आणि मग धातू काढायला शंभर लिटर सॉल्व्हंट ओतायचं, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. लोटे, महाड, कुरकुंभ किंवा तारापूरला मुलाखतीला जाल तेव्हा यील्ड सांगून थांबू नका. उरलेला धातू किती आणि कसा काढला, हे सांगणारा मुलगा लक्षात राहतो.

तांबं मात्र सोपं आहे. सेलाइटमधून गाळा, सौम्य अमोनियाच्या पाण्यानं हलवा. थर गडद निळा होतो. निळं येईनासं झालं की झालं.

मॅडम, ते निळं पाणी सिंकमध्ये ओतू का?

नाही. ते गटारातून शेवटी कृष्णेतच जातं. दाराजवळच्या टेबलाखाली पांढरा कॅन आहे, त्यावर मार्करनं ‘तांबं’ लिहिलंय. त्यात ओता, आणि झाकण नीट लावा.